धोतऱ्याचा पाला

नागभीडच्या स्टेशनात छोटी गाडी उभी होती आणि बाबा खिडकीबाहेरून माझ्या पत्र्याच्या पेटीकडे बघत होते. माझ्याकडे बघतच नव्हते. धान कापून झालं होतं, चुरणा, म्हणजे मळणी, सुरू व्हायचा होता. अशा ऐन हंगामात बैलगाडी जुंपून पोरीला स्टेशनवर पोचवायला येणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट, ते तुम्हा गावच्या लोकांना सांगायला नको. गाडी हलायच्या आधी ते एवढंच म्हणाले, "तिकडं धान नाई, धूळ नाई. जीव भरून दम घे. अन् इकडं यायची घाई करू नोको." माय स्टेशनवर आली नव्हती. मी निघाले तेव्हा ती घरातूनसुद्धा बाहेर आली नव्हती.

लोक पोटासाठी गाव सोडतात, शिक्षणासाठी सोडतात. मी सोडलं शिंकांपायी! हसू येतं ना? येऊ द्या. नागपुरात मिलच्या चाळीतल्या बायाही हसायच्या. पण ज्याच्या छातीत एकदा तसं घरघरलं आहे, तो नाही हसणार.

दरवर्षी तेच. धानाच्या पेंढ्यांचे रचलेले पुंजणे मोडायला घेतले, बैल धानावर फिरू लागले, तणसाची, वाळक्या काडाची ती बारीक धूळ उडाली की माझे डोळे सुजायचे. आधी शिंका, मग नाक बंद, मग छाती वाजायची. गावात साऱ्यांना आनंद असायचा, पोरं तणसात लोळायची, आणि मी घरात दार लावून गुडघ्यांवर उशी घेऊन बसलेली. आडवं होता यायचं नाही. होळीपर्यंत कसंबसं ओसरायचं आणि पुढच्या हंगामाला पुन्हा हजर.

मायने काय नाही केलं माझ्यासाठी? अडुळशाचा काढा पाजला, हळद पाजली, कोणी सांगितलं म्हणून देवीला कोंबडं बोललं. नागभीडच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने सुई टोचली, दोन दिवस मी अगदी फुलासारखी हलकी झाले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घरघर. दर दोन दिवसांनी सुई टोचायची तर त्या शिंकांपायी अख्खं धान विकावं लागलं असतं. मग शेजारच्या सुगराबाईने सांगितलं, "काऊन एवढी धावतं वो? धोतऱ्याच्या पाल्याचा धूर दे पोरीले. उकिरड्यावर फुकट उगवते."

फुकटच होतं ते. मायने पाला वाळवला, खापरात निखारे घेतले, माझ्या डोक्यावरून घोंगडी टाकली. आणि खरं सांगते, छाती मोकळी झाली. जीभ टाळूला चिकटली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, पण श्वास आला. मायने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. आमच्या घरात कितीतरी दिवसांनी कोणाला बरं वाटलं होतं.

कितीतरी दिवसांनी म्हणते, कारण त्याच पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ सोमा हिवतापाने गेला होता. पाच वर्षांचा होता. माय तेव्हा रडली नव्हती. बाया म्हणायच्या, हिला रडवा, नाहीतर हिचं काही खरं नाही. पण ती आपली कामं करत राहिली.

धुराच्या दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी मी घोंगडीतून बाहेर आले आणि खळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सोमा तिथं चढून बसला. पडंल ना तो!" असं म्हणे मी म्हणाले. मला स्वतःला अर्धंमुर्धंच आठवतं. पुंजण्यावर बसलेला तो, पाय हलवत, अंगात मायने शिवलेला निळा सदरा. एवढं मात्र इतकं लख्ख आठवतं की आज हे लिहितानाही अंगावर काटा येतो. बाकीचं सगळं मायनेच दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी त्याच्याशी बोलले, हसले, त्याला खाली ये म्हणाले.

"काय म्हणे तो?" मायने विचारलं. "भूक लागली म्हणे का? थंडी वाजते का त्याले?"

तिथून सगळं बदललं. मायने पूर्वी कधी माझ्या शिंकांची वाट पाहिली नव्हती. आता पाहू लागली. उन्हाळ्यात लोकांच्या अंगणात मोहफुलं वाळायची, आमच्या अंगणात एका कोपऱ्यात धोतऱ्याचा पालाही वाळायचा, सावलीत, सुपात, नीट पसरून. चुरण्याचे दिवस आले आणि मी एकदा शिंकले की ती उठून निखारे काढायची. छाती वाजायला लागायचीसुद्धा गरज राहिली नाही. मी घोंगडीबाहेर आले की माझ्यासमोर बसायची आणि माझ्या डोळ्यांत बघत राहायची. "दिसला का वो तुले? कुठी हाय?" मला तिची भीती वाटायची. तुम्ही म्हणाल, सख्ख्या आईची? हो, सख्ख्या आईची. आणि मला सोमाही हवा होता, हेही खरं. त्या दोन्हींच्या मधे मी सापडले होते.

तिसऱ्या वर्षी तिने पाला जास्त टाकला. मी खळ्यावरून थेट विहिरीकडे चालत गेले, म्हणे सोमा बोलावतो. बाबा बैलांना पाणी पाजून परतत होते म्हणून वाचले. त्यांनी मला काठावरून ओढलं तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. दुसरा दिवस मावळेपर्यंत मी वाऱ्यातून काहीतरी वेचत होते. बाबांनी घरातल्या बाईवर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. खापर अंगणात आपटलं आणि ओरडले, "पोरीले मारून पोराले पाहाचं हाय का तुले?"

माय काही बोलली नाही. नाही म्हणाली नाही. मला तिचं तेच गप्प राहणं आजही सोडत नाही.

म्हणून पुढच्या चुरण्याआधीच नागपूर. तेव्हा नागपूर मध्यप्रदेशची राजधानी होतं. आत्याचे यजमान मिलमध्ये होते, त्यांच्या खोलीत मी राहू लागले. नळ, भोंगा, सायकली, भाजीवाल्यांचं हिंदी. पहिल्या हंगामात मी रोज छातीवर हात ठेवून वाट पाहत राहिले आणि छाती वाजली नाही. पुढे मिलच्या कापसाने थोडं सुरू झालं, तर सरकारी दवाखान्यात पांढऱ्या गोळ्या मिळाल्या, फुकट. रांगेत उभं राहायचं, पुडी आणायची, गोळी घेतली की झोप यायची आणि झोपेत स्वप्नही पडायचं नाही. एवढं सोपं होतं ते! मला त्या गोळीकडे बघून रडू आलं होतं.

पण एक गोष्ट राहिली. आत्याकडे पोचल्यावर मी पेटी उघडली, तेव्हा माझ्या दोन लुगड्यांच्या मधे फडक्यात बांधलेला वाळका पाला निघाला. आत्याने तो चुलीत घालू दिला नाही, बाहेर नेऊन पुरला. मायने तो कशासाठी बांधला असेल? परक्या गावात माझा दम कोंडला तर असावा म्हणून, की सोमा माझ्याबरोबर यावा म्हणून? मी हे तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिला तरी सांगता आलं असतं का, कोण जाणे.

लग्न झालं, राजधानीही मुंबईला गेली, आणि त्यानंतर मी पहिल्यांदा चुरण्याच्या दिवसांत गावी गेले. पदराला गोळ्यांची पुडी बांधून. दिवेलागणीला बाबा खळ्यावर होते. मायने न विचारता नव्या खापरात निखारे आणले आणि माझ्याजवळ बसली. धूळ दारातून आत येत होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, मग छातीवर, मग कान लावला.

"वाजत नाई तुही छाती."

"गोळी घेतली नं, माय."

तिने खापरातले निखारे सारखे केले. मग हळू म्हणाली, "मंग तो आता कोणाले दिसंन?"

मला राग आला. खूप राग आला. एवढ्या वर्षांनी पोर मोकळा श्वास घेत समोर बसली आहे आणि हिला पडलं आहे त्याचं! ओठांवर आलंही होतं. पण तिच्या केसांकडे लक्ष गेलं, सगळे पिकले होते. मी दारातून बाहेर बघितलं आणि म्हणाले, "दिसते नं मले. गोळीनं काई होत नाई. तो काय, पुंजण्यावर बसून हाय."

मायने पुंजण्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याच तोंडाकडे बघत होती. आणि म्हणाली, "केवढा झाला?"

हे मला सुचलंच नव्हतं. माझा सोमा पाचच वर्षांचा राहिला होता. मी तिच्याकडे बघून म्हणाले, "तुह्या खांद्याले लागंन."

तिने उजवा हात खांद्याशी आडवा धरला, तिथल्या रिकाम्या जागेत. "मंग त्याले निळा सदरा होत नसंन," म्हणाली, आणि रडायला लागली. सोमा गेल्यावर न रडलेली माझी माय त्या संध्याकाळी हमसून हमसून रडली. मग उठून तिने निखाऱ्यांवर पाणी ओतलं. ते खापर पुन्हा कधी पेटलं नाही.

त्यानंतर दर चुरण्याला मी गावी जायची. ती विचारायची, मी सांगायची. त्याला मिसरूड फुटली, आवाज फुटला. एका वर्षी तिने त्याच्या लग्नाची काळजी केली. तिला खोटं ठाऊक होतं का? होतं, असं मला वाटतं. आम्ही दोघींनी मिळून त्याला वाढवला.

आता आमच्या काकांची नातवंडं ती शेती करतात. मशीन येते, एका दिवसात चुरणा आटोपतो. ती म्हणतात, "आत्या, या धुळीत कायले येतं तुमी?" बरोबरच आहे त्यांचं. माझ्यासाठी घर म्हणजे आता गाव नाही, नागपूरची खोलीही नाही. घर म्हणजे ते अंगण होतं, जिथं मला दरवर्षी एक प्रश्न विचारला जायचा. माय गेल्यालाही पुष्कळ वर्षं झाली. सोमाचे केस आता पिकले असतील, गुडघे दुखत असतील त्याचे. हे मी कोणाला सांगू?