पाच नंबरमधली तूरडाळ

कंपनी सुटली, मशीन भंगारात गेलं, साहेबांचे केस गेले. किस्से मात्र गेले नाहीत! आमच्या जुन्या कॉम्प्युटर सेक्शनची मंडळी अजून कधीमधी निगडीला माझ्याकडे जमतात. पोह्यांची पहिली प्लेट संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, डाळीचं सांगा." आणि मग मला माझीच फजिती माझ्याच तोंडानं सांगावी लागते.

गोष्ट ऐंशीच्या आसपासची. चिंचवडजवळ आमचा गिअर बनवणारा कारखाना होता. मी अंबाजोगाईहून आलेली, सेक्शनमधली एकटी बाई आणि एकटीच प्रोग्रॅमर. साहेब म्हणजे घारपुरे. पुण्याहून स्कूटरवर येत आणि गेटवरच्या पाटीतलीसुद्धा शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत. मशीन चालवायला, त्यात माहितीच्या डिस्क लावायला कांबळे, पिंपरीचा, जेमतेम चोवीस वर्षांचा, अजून प्रोबेशनवर. आणि डिस्पॅचला बाबूराव, मूळचे पुनावळ्याचे, मिशीवाले. कारखान्यातून बाहेर जाणारी प्रत्येक पेटी त्यांच्या नजरेखालून जाई.

\* \* \*

मशीन आलं तेव्हा त्याच्यासाठी खास एसी खोली बांधली. बाहेर चपला काढायच्या, आत कुजबुजत बोलायचं.

बाबूराव पहिल्यांदा आत आले. मे महिना, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. त्या गार हवेत दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहिले. मग मशीनकडं बघून म्हणाले, "वा रं न्याय! फाउंड्रीत माणसाला पंखा न्हाई, आन् हितं कपाटाला थंडी!"

घारपुरे साहेबांनी त्यांना समजावलं, "बाबूराव, हे कपाट नाही. हे कधीही चुकत नाही."

हे वाक्य साहेबांना पुढं फार महागात पडलं.

\* \* \*

एके दिवशी भोसरीच्या एका वर्कशॉपला माल जायचा होता. मालाची यादी कॉम्प्युटरनं छापली. छोटे गिअर चाळीस, मोठे गिअर पंचवीस, आणि खाली, तशाच ठसठशीत अक्षरांत, तूरडाळ दोन पोती.

बाबूरावांनी यादी वाचली. पुन्हा वाचली. मग सरळ कॅन्टीनच्या कोठारात गेले, दोन पोती उचलवली आणि टेम्पोत चढवली!

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये आमटी नाही. तपास लागला. साहेब लालबुंद. "अहो बाबूराव, गिअरबरोबर डाळ जाईल का कधी?"

"मला बी तेच वाटलं व्हतं," बाबूराव शांतपणे म्हणाले. "पर तुमीच म्हनला, त्ये चुकत न्हाई."

चार दिवसांनी भोसरीहून पोच आली. मालकानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'गिअर मिळाले. डाळ छान शिजली. पुढच्या खेपेस तांदूळही पाठवावेत.'

\* \* \*

पुढच्याच आठवड्यात उलटा प्रकार. कॉम्प्युटरनंच छापलेल्या कॅन्टीनच्या सामानाच्या यादीत कांदे, बटाटे, मीठ आणि बेअरिंग बारा नग. आचारी यादी घेऊन थेट आमच्या दारात. "मॅडम, हे तळायचं असतं की उकडायचं?"

सगळा कारखाना हसत होता. कांबळे हसत नव्हता. कारण साहेबांनी त्याच्या हातात मेमो ठेवला होता. 'चुकीची डिस्क लावल्याबद्दल, कामातील निष्काळजीपणाबद्दल, खुलासा करावा.' महिन्याभरात तो कायम व्हायचा होता. अशा मेमोवर माणूस कायम होत नाही, घरी जातो.

आता माझी फजिती सांगते. मेमो द्यायच्या आधी साहेबांनी मला विचारलं होतं, "प्रोग्रॅममध्ये काही चूक असू शकते का?" आणि मी पापणी न लवता म्हटलं होतं, "नाही सर. डिस्कच चुकीची लागली असणार."

कांबळेनं खुलासा एका ओळीत दिला. 'डिस्क बरोबर होती. डाळ मशीननं का घातली, ते मशीनला विचारावे.'

साहेबांनी त्यातला 'नं' लाल पेननं खोडून 'ने' केला आणि कागद फाइलला लावला!

\* \* \*

तरी माझ्या मनात पाल चुकचुकली होतीच. मी प्रोग्रॅममध्ये जागोजागी छापायच्या सूचना घातल्या. मशीन प्रत्येक पायरीला काय करतंय ते प्रिंटरवर दिसेल, म्हणजे चोर सापडेल.

प्रिंटर खडखडत राहिला. कागदाचा ढीग गुडघ्याएवढा झाला. चूक एकदाही नाही! सूचना काढून टाकल्या की गिअरमध्ये मिरच्या. परत घातल्या की सगळं सोवळ्यात.

साहेब वैतागले. "मॅडम, बघितलं की होत नाही आणि नाही बघितलं की होतं, याला काय म्हणायचं?"

बाबूराव यादी न्यायला आले होते. ते म्हणाले, "आमच्या घरात चार नातवंडं हायेत सायेब. पावनं आलं की लई शानी आस्त्यात."

\* \* \*

साहेबांचा एक नियम होता. मशीन क्षणभरही रिकामं बसता कामा नये. एक काम संपलं की त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरं. मध्ये थांबलात, तर रजिस्टरमध्ये कारण लिहायचं.

कांबळे प्रामाणिक माणूस. साहेब मीटिंगला गेले की तो दोन कामांच्या मध्ये बाहेर जाऊन चहा घ्यायचा, आणि आत येऊन रजिस्टरमध्ये कारण लिहायचा: 'चहा.'

एका दुपारी मी ते रजिस्टर सहज चाळायला घेतलं. चहा. चहा. चहा. मग जिथं चहा नव्हता ते दिवस बोटानं शोधले. डाळीचा दिवस, चहा नाही. बेअरिंगचा दिवस, चहा नाही. मिरच्यांचा दिवस, चहा नाही!

मी रजिस्टर तसंच उघडं ठेवलं आणि माझ्या प्रोग्रॅमचे कागद काढले.

झालं होतं असं. फाइल उघडली की मशीन तिला एक नंबर देई. मग प्रोग्रॅम फाइलचं नाव घेत नसे, 'पाच नंबरमध्ये हे लिही' एवढंच म्हणे. डिस्क पडली संथ. म्हणून मोठ्या हुशारीनं मी मशीनच्या मूळ प्रोग्रॅममध्ये सुधारणा केली होती, की लिहायचं काम डिस्कवर सोपवायचं आणि वाट न बघता पुढं जायचं. साहेबांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली होती.

आता कॅन्टीनचा प्रोग्रॅम शेवटची ओळ डिस्कवर सोपवायचा, फाइल बंद करायचा आणि निघून जायचा. पाच नंबर मोकळा. लगेच डिस्पॅचचा प्रोग्रॅम आला, की मशीन तोच पाच नंबर त्याच्या फाइलला देऊन टाकायचं. आणि डिस्क निवांतपणे मागची राहिलेली ओळ पाच नंबरमध्ये लिहायची. नंबर तोच, घर दुसऱ्याचं! कांबळे चहाला गेला, की तेवढ्या वेळात डिस्कचं काम उरकायचं. माझ्या सूचनांमुळं प्रिंटर खडखडत बसला, तरी तेवढाच वेळ मिळायचा.

चूक माझी होती. कांबळेचा चहा ती झाकत होता.

\* \* \*

रजिस्टर घेऊन साहेबांना सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "सिद्ध करा."

केलं. चहा न घेता एक काम, चहा घेऊन एक काम, असं आळीपाळीनं. ज्या माणसानं चहाची नोंद करायला लावली होती, तेच दर वीस मिनिटांनी दारातून ओरडत होते, "कांबळे, चहा! प्रयोगासाठी!" कांबळेबरोबर स्वतःही सहावा कप संपवल्यावर साहेबांनी मेमो फाइलमधून काढला, चार तुकडे केले आणि म्हणाले, "आता मला झोप येणार नाही."

उपाय साधा निघाला. मागचं लिहिणं पुरं झाल्याशिवाय नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही.

संध्याकाळी मी कांबळेची माफी मागितली. त्यानं रजिस्टर मिटून ठेवलं. मग म्हणाला, "मॅडम, चूक कुणाच्याही हातून होते. पण तुम्ही एकदा तरी मला विचारायचं होतं, 'कांबळे, तुम्ही काय बघितलं?'"

त्यानंतर कुठल्याही मशीनची कसलीही तक्रार आली, की मी आधी ऑपरेटरजवळ स्टूल ओढून बसायची. आयुष्यभर.

\* \* \*

कांबळे कायम झाला. त्या वर्षी कंपनीनं घरच्या लोकांना कारखाना दाखवायचा दिवस ठेवला, तेव्हा तो वडिलांना घेऊन आला. शेजारच्या एका कंपनीत उमेदीची सगळी वर्षं फाउंड्रीच्या भट्टीपुढं घालवलेला माणूस. हात भाजल्याच्या डागांनी भरलेले. तिथं त्यांना हाक मारायचे ती बिल्ल्याच्या नंबरानं. लिहिता-वाचता येत नव्हतं.

ते मशीनभोवती एक चक्कर मारून आले. "धूर न्हाई, ठिणगी न्हाई. ह्ये काम करतंय कशावरनं?"

कांबळेनं दोन-चार कळा दाबल्या. प्रिंटर खडखडला आणि कागदावर फुल्याफुल्यांनी काढलेली हातभर उंचीची इंग्रजी अक्षरं बाहेर आली.

"काय लिवलंय?"

"तुमचं नाव, आबा."

आबांनी हात आधी धोतराला पुसले. कागद दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला आणि आमच्याकडं तोंड करून उभे राहिले. कागद उलटा होता.

कांबळेनं मान खाली घातली. मी खिडकीबाहेर बघायला लागले. घारपुरे साहेबांना मात्र कुठलीही चूक सोसायची नाही. ते पुढं झाले, घसा साफ केला. "आबा, कागद जरा उलटा धरलाय तुम्ही."

आबांनी कागदाकडं पाहिलं. मग साहेबांकडं.

"नाव माजंच हाय न्हवं?"

"हो, तुमचंच."

"मग कुटनं बी धरलं तरी माजंच!"