आधी आईचं कूळ

लेकीला व्हँकुव्हरला बापाकडे राहायला जायचं होतं. सुट्टीपुरतं नव्हे, कायमचं. पंधरा वर्षांची घोडी, ऐकते कोणाचं! आमचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली होती आणि रविवारी ती त्याला काय ते कळवणार होती. शनिवारी मी तिला अक्षरशः ओढत टोरोंटोजवळच्या रिचमंड हिलच्या लायब्ररीत नेलं. माझ्या ऑफिसातली नावाहो, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीतली, मैत्रीण तिथे बायकांची बैठक घेणार होती. चार लोकांत निदान भांडण तरी होणार नाही, एवढाच माझा हिशोब.

मैत्रीण मूळची ॲरिझोनाची, लग्न करून इकडे कॅनडात आलेली. सोबत तिची म्हातारी मावशी होती आणि तिला ती आईच म्हणत होती. त्यांच्यात मावशी म्हणजे आईच.

"आमच्यात ओळख करून देताना आधी आईचं कूळ सांगतात," मैत्रीण म्हणाली. "मूल आईच्या कुळाचं. मग वडिलांचं, मग दोन्ही आजोबांचं. आज सगळ्यांनी आईपासूनच सुरुवात करायची."

मग मावशी बोलल्या. लहानपणी त्यांना सरकारनं घरापासून लांब वसतिगृहाच्या शाळेत नेलं. तिथे केस कापले. आपली भाषा बोललं की तोंडात साबण. "अंघोळीच्या वेळी मी नळ जोरात सोडायचे आणि माझी चारही कुळं म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पाण्याच्या आवाजात कोणाला ऐकू जायचं नाही. सुट्टीत घरी गेले, तर आजीनं आधी तेच विचारलं. मी धडाधड सांगितलं."

माझी पाळी आली. उभी राहिले आणि तोंडातून काय बाहेर पडावं? माझं नाव, नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव! लग्नापासून बँकेत, हळदीकुंकवात, सगळीकडे हेच म्हणत आलेय. आईचं कूळ राहिलं बाजूलाच.

"सिरियसली, मम्मा?" लेक सगळ्यांसमोर ओरडली. "यू स्टिल से हिज नेम? मग मी त्याच्याकडे गेले तर तुला एवढा प्रॉब्लेम का?"

तिला एक ठेवून द्यावी असं वाटलं मला, आणि त्याच वेळी जमिनीनं दुभंगून आत घ्यावं असंही. कारण पोरगी खोटं बोलत नव्हती. मी मटकन खाली बसले.

मावशी माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी लेकीला हात केला, "आता तू."

ती उठली. हिला काय माहीत माझ्या माहेरचं, मी मनात म्हटलं, घरात कधी काढलंय मी ते आडनाव? इंग्रजीत, खाली बघत तिनं आधी माझं नाव घेतलं. त्याला जोडून माझ्या माहेरचं आडनाव. मग बापाचं नाव, आडनाव. आणि बसली.

पार्किंगमध्ये काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता मी विचारलं, "तुला कुठून कळलं गं?"

"आजीच्या लाडवांच्या पार्सलवर असतं ना, पाठवणाऱ्याच्या नावात." मग थोड्या वेळानं, "आय ॲम स्टिल गोइंग, मम्मा."

माझा हात थांबला. "गाडीत बस," एवढंच म्हणाले मी. "थंडी आहे."

टोरोंटोच्या विमानतळावर तिला सोडायला मीच गेले. काउंटरवरच्या बाईनं तिचे कागद बघितले आणि मला विचारलं, आपण कोण? जीभ सवयीनं वळलीच होती. लेक टक लावून माझ्याकडे बघत होती. मी माझं नाव सांगितलं, माहेरचं आडनाव सांगितलं आणि म्हटलं, "मी हिची आई."

लेकीनं बॅग तिथेच टाकली आणि भर रांगेत माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मीही रडले, लाज कसली त्यात!

तरी गेलीच कार्टी.