उंबऱ्यावाचून घर

लेकींनो, पत्राला फार उशीर झाला, राग धरू नका.

आज सकाळी सुताराने वाळवी लागलेला उंबरा काढला. नवा घडवून आणलाय, पण बसवत नाही. म्हणाला, "आण्णा, घरच्या बाईनं हळद-कुंकू लावल्याबिगर उंबरा बसत न्हाय."

तुमची आई गेल्यापासून घरात बाई कुठली? मी म्हटलं, "शेजारणीला बोलावतो."

"उंबरा तुमचा आन् लक्ष्मी शेजारची व्हय? लेकीला बोलवा की."

उद्या तो शाहूपुरीच्या कामाला गेला की पुन्हा सापडायचा नाही. आधीचे दोघे तसेच काम टाकून पळाले. दारही काढलंय, त्यामुळे मला जागचं हलता येत नाही.

तुमच्यापैकी कोण येईल? उघड्या दारात बसून वाट बघतोय. पत्र आणणाऱ्याजवळच लगेच निरोप धाडा.