भाच्यापासून लपवलेली लाशिन

माझा नवरा ओरालबाय नाकासमोर चालणारा माणूस. तीस वर्षं शाळेच्या भट्टीत कोळसा टाकला, पण घरी कधी एक ढेकूळ आणलं नाही. लग्न असो की मयत, मटणाचे वाटे घालायला गाव यालाच बोलावतं. असा माणूस एका कुत्रीपायी खोटं बोलला, आणि त्यात मी सामील होते.

लाशिन आमची ताझी, शिकारी जातीची. सशामागे सुटली की तिचे पाय बर्फाला लागतात की नाही, कळायचं नाही. ताझी आमच्यात घरातच राहते, चुलीजवळ तिची गादी असते. आणि आमच्यात भाच्याने मामाकडे तीनदा काहीही मागावं, मामाने नाही म्हणायचं नसतं. आमच्या भाच्याने, सेयितने, पहिल्यांदा शिंगरू नेलं, दुसऱ्यांदा सासऱ्यांचं खोगीर. तिसरं मागणं शिल्लक होतं. गेल्या हिवाळ्यात त्याने लाशिनची शिकार पाहिली आणि बराच वेळ तिचे कान कुरवाळले. तेव्हापासून ओरालबायचा जीव टांगणीला लागला होता.

यंदा पहिला बर्फ पडला आणि सेयितचा फोन आला, शुक्रवारी येतोय म्हणून. ओरालबाय म्हणाला, तिला तबेल्यात बांधू.

"तिथे नवा घोडा आहे, अजून माणसाळला नाही," मी म्हटलं.

"दोन तासांचा तर प्रश्न आहे."

संधिवाताने त्याची बोटं वळत नाहीत, म्हणून गाठ मी मारली. सुटून दारात यायला नको म्हणून दोर चांगला आखूड ठेवला.

सेयितने बूट काढता काढताच विचारलं, लाशिन कुठे आहे? वर मेंढपाळाकडे दिलीय, ओरालबाय ताटाकडे बघत म्हणाला. त्या पोराचा आवाज तिने ओळखला असणार. तबेल्यात धडपड सुरू झाली, घोडा बुजला, आणि मग जी किंकाळी आली ती माझ्या कानातून अजून जात नाही. आम्ही धावत गेलो, तर घोड्याच्या लाथेने तिचा मागचा पाय मोडून लोंबत होता. तेवढ्याशा दोरात बिचारीला बाजूला सरकायलाही जागा नव्हती.

सेयितने सुरीने दोर कापला, तिला आपल्या कोटात गुंडाळलं आणि जिल्ह्याच्या डॉक्टरकडे गाडी काढली. एक प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

पायात सळई घातली. पळेल का, याची हमी डॉक्टरने दिली नाही. ओरालबाय तिच्या पोटाखालून टॉवेल घालून तिला अंगणात फिरवायचा, मेंढीच्या शेपटीची चरबी आपल्या तोंडची काढून तिला द्यायचा. ती त्याचे हात चाटायची आणि हा तोंड फिरवून रडायचा. वाटे घालायला बोलावणं आलं तर म्हणाला, दुसरा कुणी बघा. सेयित मात्र दर शनिवारी येऊन पट्टी बदलायचा, पाय चोळायचा.

फेब्रुवारीत एका शनिवारी लाशिनने चौथा पाय जमिनीला टेकला. दोन पावलं टाकली आणि दमून बसली. ओरालबायला राहवलं नाही.

"सेयित, मी तुझ्याशी खोटं बोललो. तू मागशील म्हणून लपवली होती तिला."

"दोर कापला तेव्हाच कळलं, मामा."

"मग तुझं तिसरं मागणं आत्ता माग. हवं तर तिलाच माग. मी नाही म्हणणार नाही."

सेयित तिचा पाय चोळतच राहिला. मग म्हणाला, "मागतो. मी येणार असलो की तिला बांधायचं नाही. एवढंच."

ओरालबायने मान हलवली. पुढच्याच आठवड्यात तो एका बारशाला वाटे घालायला गेला. बोलून टाकल्याने माणूस हलका होतो म्हणतात, ते खरं असावं.

आता सेयितची गाडी वाजली की लाशिन लंगडत फाटकापर्यंत जाते. पळत नाही, पळणारही नाही. मी खिडकीतून बघते. लपवली मामाने, हे त्या दोघांनी आपसात मिटवून टाकलं. दोर इतका आखूड कुणी बांधला, ते अजून कुणी विचारलेलं नाही, आणि मी सांगितलेलं नाही.