कडेनं धरलेला कागद

मामलेदारापुढं फौजदारी खटलेही चालत त्या काळी वडगावच्या मामलेदार कचेरीत मी कारकून होतो, तेव्हा पुण्याहून एक ठसेतज्ज्ञ साक्षीला आला होता. कोणताही कागद तो कडेलाच चिमटीत धरी. त्या माणसाचा मला अजून संताप येतो.

लोणावळ्यात एका बंगल्याच्या दारात धमकीची चिठ्ठी सापडली होती. ती टाकल्याचा आळ कुरवंड्याच्या एका म्हाताऱ्या गुराख्यावर आला. तज्ज्ञानं चिठ्ठी आयोडीनच्या वाफेवर धरली, तेव्हा डोळ्यांना न दिसणारा ठसा तपकिरी होऊन वर आला. तो म्हाताऱ्याच्याच अंगठ्याचा होता.

"मला वाचाया कुटं येतंय?" म्हातारा आरोपीच्या पिंजऱ्यातून म्हणाला. "चौकीत फौजदारानंच कागुद हातात दिला, म्हून म्या धरला."

त्याला वकील नव्हता. त्याचं कोणी ऐकलं नाही. शिक्षा झाली.

व्हरांड्यात मी तज्ज्ञाला गाठलं. "साहेब, अंगठा चौकीत लागला की त्याच्या आधी, हे ठशावरून कळतं का?"

"छे. घाम कागदात मुरला की कालचा काय आणि आठवड्यापूर्वीचा काय, मला सारखाच."

"मग हे आत का सांगितलं नाहीत?"

"मला विचारलं कुणी?" तो शांतपणे म्हणाला. भत्त्याच्या पावतीवर सही करून त्यानं ती कडेला चिमटीत धरून माझ्यापुढे केली.

त्या चिठ्ठीला फौजदाराची बोटं लागली होती, म्हाताऱ्याची लागली होती, फाइल लावताना माझीही लागली होती. हा एकटाच कुठं उमटला नाही.