शिरूरच्या टॉवरचा सातवा मजला

लोक शिरूरकडे जातात ते रांजणगावच्या गणपतीला. मी गेले ऑफिसची बिल्डिंग बघायला. हसा खुशाल! केडगावात राहून उंच इमारतींवर ब्लॉग लिहिणाऱ्या बाईला त्याची सवय असते. निमित्त होतं स्लॅबच्या जेवणाचं. माझे मामेसासरे शिरूरच्या बाजारपेठेतल्या त्यांच्या टॉवरवर सातवा मजला चढवत होते. आमच्याकडे स्लॅब टाकताना नारळ फोडतात आणि कामगारांसकट सगळ्यांना जेवू घालतात. माझा नवरा विनय पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पण मामांनी त्याला बोलावलं होतं ते फक्त जेवायला.

केडगावहून चौफुला गाठायचं आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागायचं. उसाच्या ट्रॉल्या मध्ये आल्या नाहीत तर हा तासाभराचा रस्ता. आमच्या तर त्या पारगावपर्यंत पुढेच होत्या. न्हावऱ्यात मिसळ खाल्ली. दोघांची पोटं दोनशेच्या आत भरली, तर्री मागाल तेवढी.

टॉवर लांबूनच दिसतो. समोरून निळ्या काचा, थेट पुण्याचा थाट. मागून मात्र गिलावा न केलेल्या उघड्या विटा. तळाला मामांचं खत-औषधांचं दुकान, टॉवर सुरू झाला तो तिथून. एमआयडीसी वाढली, लेबर कॉन्ट्रॅक्टरना ऑफिसं हवी झाली, मामांनी वर मजला काढला. मग वकील आले, टॅक्सवाले आले, शेवटी सहाव्यावर कोचिंग क्लास. प्रत्येक मजला वेगळ्या मिस्त्रीचा, त्यामुळे जिन्याची पायरीसुद्धा दर मजल्यावर उंची बदलते. लिफ्ट नंतर सुचली, म्हणून ती बाहेरून लोखंडी पिंजऱ्यात बसवली आहे. मला ही इमारत पाहताक्षणी आवडली. खोटं का बोलू?

दर वेळी मामांनी गच्चीवर कॉलमच्या सळया उघड्या सोडल्या होत्या, पुढच्या मजल्यासाठी. "बांधकाम पुरं झालं म्हंजी माणूस संपला, सूनबाई," ते मला म्हणाले. "थोडं अपुरं पायजेच." सहाव्यावरच्या सळयांनी कितीतरी पावसाळे अंगावर घेतले होते. आता त्यांच्यावरच सातव्याचे कॉलम उभे होते. वर फळ्या ठोकून, लोखंड बांधून तयार होतं. खाली मिक्सर फिरायला लागला होता.

सहाव्याच्या जिन्यात विनय एकदम थांबला. कॉलमवर उभी चीर होती आणि चिरेतून तांबूस ओघळ आलेला. त्याने गवंड्याची हातोडी मागून घेतली आणि ठोकलं. आवाज भद्द आला. दुसऱ्या ठोक्याला सिमेंटचा पोपडा निखळून पायाशी पडला. वर पावसात उघडी राहिलेली तीच सळई आतपर्यंत गंजून पापुद्रे सुटलेली होती.

विनयचा चेहरा उतरला. वडील गेल्यावर मामांनीच त्याला शिकवलं, त्यांच्यापुढे त्याचा आवाज निघत नाही. "मामा, आज स्लॅब नको," तो कसाबसा म्हणाला.

"नारळ फुटलाय, भाच्या. आता थांबलो तर अपशकुन."

"माल आ रहा है!" वरून कामगार ओरडला.

क्लासच्या दारात चपलांचा ढीग पडला होता, आतून एका सुरात पाढे म्हटल्यासारखी सूत्रं ऐकू येत होती. सुनेने चारचौघांत मामेसासऱ्यांपुढे बोलू नये, हे मला कळतं. तरी बोलले.

"मामा, एवढी खात्री असेल तर ओल्या स्लॅबखाली ही पोरं बसू दे. आपणही पंगत त्यांच्यात मांडू."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, हे घर आता आपल्याला बंद झालं. मग ते चपलांकडे बघत राहिले. वाकून तो पोपडा उचलला, चुरडला. तळहात तांबडा झाला.

"मशीन बंद कर रं!" ते वर ओरडले. "आन् क्लास सोडा. समद्यांना खाली घ्या."

पुढचा तासभर विनयचा आवाज चढा होता. वर चढवलेलं सामान उतरवलं, सहाव्यावर टेकू लावले, सगळी ऑफिसं रिकामी केली. जेवण मात्र झालं. समोरच्या मोकळ्या जागेत वकील, पोरं, कामगार एका पंगतीत बसले. मटण झणझणीत होतं, पण मामा कुणाच्या पानाकडे न बघता वाढत होते. मला खूप वाईट वाटलं.

मी इमारतीचा एकही फोटो टाकलेला नाही, मागू नका. तिथे जाल तर रस्त्यापलीकडून बघा. तपासणी संपेपर्यंत आत कुणाला सोडत नाहीत.

घरी पोहोचलो आणि मामांचा फोन आला. विनयने स्पीकरवर टाकला.

"भाच्या, माझा कॉलम ठोकून बघितलास, बरं केलंस. आता तुझ्या गच्चीवरल्या सळया कवा बघणार?"

आमच्याही गच्चीवर सळया आहेत, लेकीच्या मजल्यासाठी सोडलेल्या. मी त्यांना कपड्यांची दोरी बांधते. विनय हातोडी घेऊन वर गेला, मी जिन्यात कान देऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने तो खाली आला. त्याचे तळहात तांबडे होते.

"उद्या कटर आणतो," तो म्हणाला.

मी वर जाऊन दोरी सोडली.