गल्लीतलं एकच काळं घर

भिंतीला तळहात टेकवायचा, जरा दाबायचा आणि मग समोरच्याच्या नाकापुढे धरायचा. "बघा, लागलं काही? काळं आहे, मळकं नाही." घराबद्दल कुणी काही बोललं की काकूंचं हे ठरलेलं.

इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या दगडी घरांच्या रांगा तुम्ही फोटोत तरी पाहिल्या असतील. मधाच्या रंगाचा दगड, पहिल्या मजल्याला उंच खिडक्या, वर जावं तशा त्या बुटक्या होत जातात, आणि सगळी घरं एकमेकांना चिकटून उभी. आमची गल्लीही तशीच. फक्त मधोमध काकूंचं घर, जुन्या कोळशाच्या धुराने वरपासून खालपर्यंत काळं. बाकीच्यांनी आपापली घरं कधीच धुऊन घेतली होती. मी समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहायला आले, तेव्हा मला वाटलं, इथे आग लागली होती की काय.

काकू मूळच्या नागपूरच्या, इथल्या हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या भूलतज्ज्ञ. आयुष्यभर माणसांना झोपवलं, पण गल्लीला काही त्यांनी स्वस्थ झोपू दिलं नाही.

एकदा शेजाऱ्यांचं शिष्टमंडळ आलं. मी तिथेच बसले होते. "सगळ्या ओळीत तुमचं एकच घर वेगळं दिसतं," त्यातले एक गृहस्थ फार अदबीने म्हणाले.

"सवय आहे मला त्याची," काकू म्हणाल्या. "आणि हा धूर तुमच्याच आजोबा-पणजोबांच्या फायरप्लेसचा आहे. मी आले तेव्हा भिंत काळीच होती. चिवडा घ्या."

चिवडा तिखट होता. मंडळी पाणी पिऊन परत गेली.

मग काकूंनी मला शेजारच्या दारापाशी नेलं. चौकटीवर दगडात फुलं कोरलेली होती. धुताना त्यांच्या पाकळ्या झिजून गेल्या होत्या. "हे बघ. स्टोनला घासलं की त्याची स्किनच जाते. मला बघायला पाहुणे यायचे ना, तेव्हा आत्या डाळीचं पीठ लावून घासायची. कातडं सोललं गं, रंग काही हलला नाही. मी आहे तोवर या घराला कुणी हात लावणार नाही." आवाज चढलेला होता, पण बोटं त्या पाकळ्यांवरून हळूच फिरत होती. मला त्या तेव्हा फार आवडल्या.

काकू गेल्या वर्षी गेल्या. मुलीने घर विकलं. नव्या मालकाने कौन्सिलची रीतसर परवानगी काढली आणि परांची चढली. काळं पाणी गटारात जायचं, ते बघवेना म्हणून मी पडदा ओढून घ्यायची.

परांची उतरल्यावर तो मला फुटपाथवर भेटला. माणूस चांगला आहे, त्याला वाईट म्हणवत नाही. "आता कसं छान दिसतंय, नाही?" त्याने विचारलं.

इथे राहून मला 'लव्हली' म्हणायची खोड लागली आहे. हवा, चहा, कुणाचं बाळ, सगळंच लव्हली.

"नाही," मी म्हणाले. "आधी छान होतं."

थट्टा समजून तो हसला, म्हणून मी ते पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.